मेव्हिस ब्रॅमॉलची मिरवणूक

मेव्हिसबद्दल लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बापाच्या डोळ्यांत धूळ फेकून पळाली. परक्याच्या नादी लागली. कॉफीबारमध्ये बसून बसून बिघडली. बोलणाऱ्यांपैकी एकही जण त्या शनिवारी तिथे नव्हता. मी होते.

मेव्हिस आणि मी एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या चाकांवर. मी शाळा वेळेआधीच सोडली होती. बाई पट्टी घेऊन अंगावर आल्या, मी ती पट्टी मोडली आणि घरी आले, परत गेलेच नाही. शेफिल्डात अशा पोरीला काम शोधावं लागत नाही, काटे-चमचे पॉलिश करायला बसवतात. चाक गरगर फिरतंय, त्यावर तेल आणि वाळूचा काळा लगदा, त्यावर चमचा दाबून धरायचा. अंगाला तपकिरी कागद गुंडाळायचा, डोक्याला फडकं बांधायचं, तरी घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. शहरात आम्हाला बफर-पोरी म्हणतात. बफर-पोर म्हणजे तोंडाची फाटकी, असं सगळे धरूनच चालतात. खोटं नाही ते. चाकांच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, मग बाहेरही तसंच बोललं जातं.

मेव्हिस मात्र ओरडायची नाही. हसायची तेव्हा मान खाली घालून हसायची. पण चमचा वाकडा आला तर मुकादमीण हेटीमावशीच्या तोंडावर सांगायची, "हा माझा नाही, मी असा करत नाही." आणि मावशी ऐकून घ्यायची. मावशी दुसऱ्या कोणाचं ऐकायची नाही.

सुटलो की घासून घासून हातपाय धुवायचे, ओठ रंगवायचे, घेरदार झगा चढवायचा आणि सोरेंतो कॉफीबार गाठायचा. दुसरीकडे जाणार कुठे? आमच्या घरात पुढची खोली रविवारी उघडायची, नाहीतर मयत झाली तर. पबमध्ये जायचं वय नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की पोलीस "चला पुढे, चला" करत यायचा. सोरेंतो आधी छत्र्यांचं दुकान होतं, बोळासारखं अरुंद. मालक टेडाल्डीने भिंतीला बांबूचं चित्र असलेला कागद लावला, नाणं टाकलं की गाणं वाजवणारा एक ज्यूकबॉक्स ठेवला, आणि इटलीहून एक कॉफीचं यंत्र आणलं. ते वाफ सोडायला लागलं की वाटायचं, आता हे रुळावरून चालायला लागणार.

टेडाल्डीचा नियम होता. कप रिकामा झाला की तुम्ही उठायचं. तो फडकं घेऊन यायचा आणि तुमच्या कोपराखालून टेबल पुसायला लागायचा. "पोरींनो, ही काय बाग आहे?" म्हणून आम्ही कप रिकामा होऊच द्यायचो नाही. तळाला एक घोट ठेवायचा. थंडगार, कडेला फेस वाळलेला. त्या एका घोटावर अख्खी संध्याकाळ काढायची. शहरातल्या सगळ्या पोरापोरींना ही विद्या येत होती.

लायोशला ती येत नव्हती. तो हंगेरीचा. उठाव चिरडायला त्याच्या गावात रणगाडे शिरले तेव्हा तो चालत सीमेपार गेला, मग इकडे. आपल्या खाणींना माणसं हवीत म्हणून सरकारनेच त्यांना आणलं, कुदळीला काय म्हणतात, फळीला काय म्हणतात, सगळं शिकवलं. आणि मग खाणीतल्या युनियनवाल्यांनी सभेत हात वर केले, हे आमच्याबरोबर खाली उतरणार नाहीत. झालं. कोळसा खणायला आलेला माणूस टेडाल्डीकडे कप विसळायला लागला.

पहिल्याच दिवशी त्याने मेव्हिसचा कप उचलला.

"ए, ठेव तो," मेव्हिस म्हणाली. "पितेय मी."

त्याने कपात बघितलं. "हे? हे कोणी पीत नाही."

"मी पिते. हळूहळू."

तो कप घेऊन गेला. मला वाटलं, गेली आमची संध्याकाळ. तर ह्याने त्यात दूध ओतलं, वाफेच्या नळीखाली धरलं आणि वरपर्यंत फेस आलेला कप तिच्यासमोर आणून ठेवला. "आता हळूहळू पी."

"लायोश!" टेडाल्डी गल्ल्यावरून किंचाळला. "दूध काय तुझ्या बापाचं आहे?"

"माझा पण थंड झालाय हो," मी म्हटलं. लायोशने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हाच मला कळलं. मेव्हिसला नंतर कळलं.

पुढच्या वर्षभरात ती त्याला आमची बोली शिकवत होती आणि तो तिला त्याची. त्याच्या भाषेत शिव्या फार चांगल्या आहेत, मीही चारदोन उचलल्या. मग एक दिवस मेव्हिस कामावर आली ती डोळे सुजवूनच. घरी सांगितलं होतं तिने, लग्न करीन तर लायोशशीच.

तिचा बाप विल्फ ब्रॅमॉल. खाणकामगार. त्या सभेत ज्यांनी हात वर केले त्यांत हाही होता. वाईट माणूस नव्हता तो. मला असं म्हणायला आवडत नाही, पण नव्हता. तरुणपणी त्याने कामाशिवाय वर्षं काढली होती, बायकोचे बूट विकले होते. कोणी नवा माणूस खाणीच्या दारात दिसला की त्याला ते दिवस आठवायचे.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, ज्याला मी खाणीत येऊ दिलं नाही त्याला घरात घेऊ? उद्या कुठल्या तोंडाने खाली उतरू?"

"मग त्याला म्हणावं, तोंड घरी ठेवून उतर."

"बेरिल, गंमत नको गं."

एकवीस पूर्ण नसेल तर बापाच्या सहीशिवाय इंग्लंडात लग्न होत नाही. मेव्हिस एकोणीस वर्षांची. पण स्कॉटलंडमध्ये सही लागत नाही. तिथे काही आठवडे राहायचं आणि मग लग्न लावायचं. म्हणून ठरलं असं, शनिवारी दुपारी कारखाना सुटला की सोरेंतोत जायचं, तिथून लायोशबरोबर स्टेशन. शनिवारी फुटबॉलची मॅच. बाप आणि भाऊ आधी पबमध्ये, मग मैदानावर. घरी कळेपर्यंत गाडी लांब गेलेली असेल. दोघं पकडली गेली तर बाप पोलीस लावून तिला परत आणू शकत होता, आणि लायोशला तर देशाबाहेरच घालवतील अशी तिला भीती. एवढं सगळं त्या एका दुपारवर होतं.

मेव्हिसने हेटीमावशीला सांगितलं. सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईने हात धरून काम शिकवलं तिला न सांगता जाणं तिला जमण्यातलं नव्हतं.

"पण मावशी, मला नटवायचं नाही. शपथ घे."

"घेतली," मावशी म्हणाली.

आता आमच्यात रीत अशी आहे की लग्नाला निघालेल्या बफर-पोरीला तशीच सोडत नाहीत. चाकाच्या लगद्याने तिचं तोंड रंगवायचं, कागदी फुलं टोचायची, डोक्यावर जुना जाळीचा पडदा, हातात रात्री खाटेखाली ठेवायचं चिनीमातीचं भांडं, त्यात मीठ. दोरीने बांधायचं आणि गात, डबे बडवत भर बाजारातून न्यायचं. रस्त्यातले लोक भांड्यात नाणं टाकतात आणि नवरीची पापी घेतात. शकुन असतो तो.

शनिवारी चाकं थांबली आणि मागे वळून बघतो तर मावशी पडदा घेऊन उभी. तिच्यामागे सगळ्या पोरी, एप्रनमध्ये फुलं लपवलेल्या.

"मावशी, तू शपथ घेतलीस!" मी मध्ये उभी राहिले.

"सरक गं. माझ्या हाताखालची पोर कुत्र्याच्या पिल्लासारखी गुपचूप जाणार? बापाने टाकलं म्हणून आम्हीपण टाकायचं?"

"कोणी ओळखलं तर?"

"ओळखतंय कोण? आई आली तरी ओळखणार नाही असं तोंड करते बघ."

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला कोणी समजावू शकलं नसतं. मेव्हिसने माझा हात दाबला. "राहू दे. सोरेंतोपर्यंतच तर जायचंय."

निघालो. मेव्हिसचं तोंड खरंच काजळीसारखं, दिसत होते फक्त डोळे आणि दात. डबे बडवत आम्ही मुख्य रस्त्याला लागलो आणि त्याच वेळी पब रिकामे व्हायला लागले. मॅचला निघालेला लोंढा. टोप्या, गळ्यात मफलर. सगळे थांबून हसायला लागले. भांड्यात नाणी पडायला लागली. मी मेव्हिसला ओढत होते, "चल, चल."

आणि समोर विल्फ ब्रॅमॉल. दोन घोट घेतलेला, खुशीत. त्याचे सोबती ओरडले, "विल्फ, दे नवरीला पापी! मॅच जिंकू आपण!"

त्याने खिशातून नाणं काढलं, मिठात टाकलं. वाकला आणि मेव्हिसच्या गालाची पापी घेतली. त्याच्या मिशीला काळं लागलं. सगळे हसले, तोही हसला.

"काय गं पोरी, चांगला बघितलास ना? पिणारा नाही ना?"

तिने नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. कोणाला काही कळलं नसतं.

"नाही, बाबा," मेव्हिस म्हणाली.

त्याचं हसू गेलं नाही लगेच. तोंडावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र बदलले.

मावशीने ते पाहिलं आणि दोरी ओढली. आम्ही सगळ्या ढकलत ढकलत सोरेंतोत घुसलो. टेडाल्डी ओरडायला लागला, "अरे, कॉफीचं दुकान आहे की तबेला?" मग त्याने माझं तोंड बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. ज्यूकबॉक्स वाजत होता, कोणीतरी त्याची वायर काढली.

लायोश मेव्हिसला मोरीजवळ घेऊन गेला. साबण लावून तोंड धुतलं, काळं पसरलं फक्त. तो म्हणाला, "मागे दार आहे. गल्ली. स्टेशन जवळ."

"जा," मी म्हटलं. मी साखरेची काचेची बाटली हातात घेतली होती. "तो आत आला तर माझ्याशी गाठ आहे."

मी बाहेर बघितलं. विल्फ काचेपलीकडे उभा होता. सोबती त्याला ओढत होते, मॅच सुरू होईल म्हणून. ते गेले, तो राहिला. आत मात्र येत नव्हता. असल्या जागेत त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"मावशी, दोरी सोड," मेव्हिस म्हणाली.

"मेव्हिस, मागचं दार," मी म्हटलं.

"मागच्या दाराने गेले तर जन्मभर हाच विचार करत बसेन, की तो आत आला असता का. मला बघायचंय काय करतो ते."

ती पुढच्या दाराने बाहेर गेली. तोंड अर्धं काळं, केसात दोन फुलं लटकलेली. लायोश मागे निघाला तर तिने हाताने थांबवलं. वाफेने काच धुरकटली होती, मी बाहीने पुसली. विल्फने टोपी काढली. तो थोडंसंच काहीतरी बोलला. मग त्याने टोपी घातली आणि गेला. मैदानाकडे नाही, चढावरून घराकडे.

फलाटावर गाडी लागली होती. मी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"म्हणाला, मी कोणाला पाहिलं नाही. बफर-पोरींची एक नवरी पाहिली, काळ्या तोंडाची. कोण होती ठाऊक नाही. तुझ्या आईने विचारलं तरी हेच सांगेन."

"म्हणजे पोलिसात जाणार नाही?"

"नाही."

"मग झालं तर! सुटलीस की!" मी उडीच मारली.

मेव्हिसने माझ्याकडे बघितलं. "बेरिल, पुढे म्हणाला, पाहिलं नाही, आणि पुढेही पाहणार नाही."

लायोशने तिची पेटी वर चढवली. गाडी गेली.

लग्न झालं. दोघं परत इथेच आली, लायोशला पोलादाच्या भट्टीवर काम मिळालं. त्यांना पोरगा झाला, जाड्या, सारखा भुकेला. आई चोरून येऊन जाते. भाऊही एकदा आला. विल्फ नाही. मेव्हिस रस्त्यात समोर आली तर तो तिच्या आरपार बघतो, काचेतून बघावं तसं. भांडत नाही, थुंकत नाही, शिवी देत नाही. पाहतच नाही.

गेल्या शनिवारी मी तिच्याबरोबर होते, बाबागाडी ढकलत. समोरून मॅचवाले आले, मधोमध विल्फ, दोन्हीकडे सोबती. मी म्हटलं, आज सोडत नाही. सरळ त्याच्यासमोर उभी राहिले.

"मिस्टर ब्रॅमॉल, नातवाचे कान बघा. तुमचेच आहेत, डिट्टो."

"कोणाचा नातू?" तो माझ्या डोक्यावरून बघत म्हणाला.

"बेरिल," मेव्हिस मागून म्हणाली. "सोड."

फुटपाथ अरुंद होता. विल्फने दोन्ही हात पसरले, सोबत्यांना मागे रेटलं, स्वतः गटाराच्या कडेला उतरला. बाबागाडी जाईपर्यंत तसाच उभा राहिला, तोंड दुसरीकडे करून.

पुढे गेल्यावर मेव्हिस म्हणाली, "बघितलंस? वाट दिली त्याने." तिला रडू येत होतं आणि ती खूष होती.

तिला तेवढं पुरतं. मला नाही पुरत. मी पुढच्या शनिवारी परत उभी राहणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.