विलेमस्टाडला फुकट काय काय करता येतं

विलेमस्टाडला एक पैसाही न खर्चता अख्खा दिवस काढता येतो. तरंगत्या पुलावरून चालत पलीकडे जायचं आणि परत यायचं. जहाजासाठी पूल बाजूला सरकवला असेल तर लोकांना पलीकडे सोडणारी बोट असते, तीही फुकट. जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर बसून बंदरात शिरणारी जहाजं बघायची. मागच्या गल्ल्यांमध्ये अख्ख्या भिंतींवर काढलेली चित्रं बघत हिंडायचं. फार तर एक शहाळं घ्यायचं. ही सगळी माहिती माझ्या मैत्रिणीने निघण्याआधी काढून मला पाठवली होती, वर "तुझ्यासारख्या चिकट माणसांसाठी" असं लिहून. त्या माहितीचा मी असा उपयोग करीन हे तिलाही वाटलं नव्हतं आणि मलाही.

मागच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथे गेलो होतो. मी नायमेखनला विद्यापीठात काम करते, एकटी राहते. मैत्रीण आणि तिचा नवरा फेल्डहोवनला असतात. नवरा माझ्या दादाचा कॉलेजातला मित्र, त्यामुळे हॉलंडमध्ये मला माहेर म्हणून जे काही आहे ते त्यांचंच घर. पुण्याहून मैत्रिणीच्या सासूबाई आल्या होत्या, त्यांना आम्ही काकू म्हणतो. विलेमस्टाड ज्यावर आहे ते बेट नेदरलँड्सच्याच राज्यातलं, त्यामुळे व्हिसाची कटकट नाही, आणि डिसेंबरात ऊन. पहिल्याच दिवशी किराणा आणायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "दहा तास विमानात पाय आखडून बसले आणि इथेही तेच चीज? मग फेल्डहोवन काय वाईट होतं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाड्याने घेतलेल्या घराच्या अंगणात चहा घेत होते. आमच्या पुण्यातल्या जुन्या कॉलनीचा एक ग्रुप आहे, तो मी सहसा उघडत नाही. त्यावर बाबांचा फोटो दिसला. निळ्या स्वेटरमधला, मीच काढलेला. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". मी नीट वाचेपर्यंत तो मेसेज पुसलाही गेला.

मी दादाला फोन केला. म्हटलं, "बाबा कसे आहेत?"

"झोपलेत. आत्ताच औषध दिलं," दादा म्हणाला. मागे खूप माणसं बोलत होती. कोणीतरी विचारलं, "हार कुठे ठेवू?"

"कोण आलंय?"

"शेजारच्यांकडे पूजा आहे. तू मजा कर. इकडची काळजी करू नकोस."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्या घरात हे असंच करतात. प्रवासात असलेल्या माणसाला कळवायचं नाही. आत्या काशीला गेली होती तेव्हा तिच्या सासूबाई गेल्या, तर ती घरी येऊन पाय धुवेपर्यंत कोणी अक्षर काढलं नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली. दादाही तेच करत होता. मी त्याला थेट विचारू शकले असते. पण त्याचा आवाज इतका घट्ट बांधलेला होता की मला तो सोडवायची भीती वाटली.

सुटकेचा मार्गही नव्हता. पांघरुणात तोंड घालून मी फोनवर विमानं बघितली. आमच्या परतीच्या दिवसाआधी एकही जागा नव्हती, आणि असती तरी पुण्यात पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं. बाबा खाट धरून होते हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी अजून काही महिने सांगितले होते, दादाने "जाऊन ये" म्हणून स्वतः आग्रह केला होता. मला फक्त एक गोष्ट विचारायची होती. शेवटी त्यांनी माझी आठवण काढली का? आणि तेवढी एक सोडून दादाला मी काहीही विचारू शकत होते.

घरातल्यांना सांगावं तर तिघांची सुट्टी मोडणार. शिवाय काकू. काकूंनी डब्यात घालून चांदीचा गणपती आणला होता आणि रोज संध्याकाळी आरती मी म्हणायची असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं, कारण मला सगळी कडवी पाठ. माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे वडिलांचं सूतक मला पूर्ण दहा दिवसांचं. मी या गोष्टी एरवी मानते का, हे मला सांगता येणार नाही. पण काकूंच्या गणपतीला काकूंना फसवून हात लावणं मला जमणार नव्हतं. म्हणून मी बायकांना नेहमी उपयोगी पडणारं कारण सांगितलं.

"अडचण आहे, काकू."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. मग स्वयंपाकघरात येऊ नकोस. मी ताट आणून देईन."

घर लहान होतं. एक मोठी खोली, तिलाच लागून स्वयंपाकघर, दोन झोपायच्या खोल्या, आणि बाहेर उंच भिंतीचं अंगण. त्या घरात त्या दिवसापासून सगळे फार हसायला लागले. मैत्रिणीचा नवरा एरवी जेवणानंतर पुस्तक घेऊन गप्प बसतो, तो पत्ते काढून बसला आणि जिंकल्यावर टाळ्या पिटू लागला. मैत्रिणीने कधी नव्हे ते मला बोटीच्या सहलीला नेण्याचा हट्ट धरला. मी डोकं दुखतंय म्हणाले. तिघं गेले आणि पांढरेफटक चेहरे घेऊन परत आले. मला त्यांचा राग येत होता. त्यांचा काही दोष नाही हे कळत असूनही येत होता.

म्हणून मी सकाळी निघायची. मैत्रीण म्हणायची, "इथेही लायब्ररी शोधतेस का काय?" काकू डबा हातात द्यायच्या. पूल ओलांडायचा, चित्रांच्या गल्ल्या फिरायच्या, परत पूल. एका भिंतीवर मासे विकणाऱ्या बाईचं दुमजली चित्र होतं, तिच्या पायाशी सावली पडायची, तिथे मी बरंच बसले. एका गाडीवर करंजीसारखं दिसणारं काहीतरी तळत होते, पस्तेची म्हणतात. घेतलं आणि हातात धरून चालत राहिले. गाडीवाली मागून डचमध्ये ओरडली, गरम आहे तोवर खा. मी ते कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. वारा सतत एकाच दिशेने वाहत होता. रस्ते कुठेही नेत, शेवटी समुद्र लागे आणि मागे वळावं लागे. बेट म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं.

तिसऱ्या दुपारी किल्ल्याच्या भिंतीवर डबा उघडला. वरण-भात. आदल्या दोन दिवशीही वरण-भातच होता, मी न बघता गिळला होता. त्या दिवशी बघितलं. वरण नुसतं शिजवलेलं, पिवळं, वर हिंग नाही, जिरं नाही, तेलाचा थेंब नाही. आणि सकाळी तर घरभर मोहरी तडतडल्याचा वास होता. बाकीच्यांच्या आमटीला फोडणी होती. माझं वरण त्याआधीच बाजूला काढलं होतं.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की दहा दिवस फोडणी नाही, तळण नाही. अडचणीचा आणि फोडणीचा काही संबंध नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते तर काकू पंजाबी ड्रेसवर मुलाचे जाड मोजे चढवून बूट बांधत होत्या. "मी पण येते. रोज काय बघतेस ते मलाही दाखव."

आम्ही पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा घंटा वाजली. दोन्हीकडची फाटकं बंद झाली. पूल सरकतो तेव्हा वरच्या माणसांनी वरच थांबायचं असतं. एका टोकाला मोटर सुरू झाली आणि आम्ही उभ्या होतो तो रस्ताच किनारा सोडून पाण्यात फिरू लागला. काकूंनी कठडा घट्ट धरला.

"आता?"

"आता थांबायचं. जहाज जाईपर्यंत."

"बरंच झालं," काकू म्हणाल्या. "घरात तू पळतेस." मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "चार दिवसांच्या वर अडचण राहत नाही गं कोणाची. पाचव्या दिवशी न्हायला गरम पाणी मागायला येशील म्हणून वाट बघत होते. आज काय सांगणार होतीस?"

मी डब्याची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"कधी कळलं तुला?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी. तुम्हाला?"

"त्याच्या आदल्या रात्री. तुझ्या दादाचा माझ्या मुलाला फोन आला. म्हणाला, घरी पोहोचेपर्यंत तिला कळू देऊ नका, परक्या जागी कोसळेल. कसलाच बदल दिसायला नको, म्हणाला." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे आम्ही उगाच खिदळत होतो?"

"मला वाटलं तुमची सुट्टी चांगली चाललीय."

"डोंबलाची सुट्टी. त्या बोटीत मला तीनदा उलटी झाली. रद्द केलं असतं तर तुला संशय आला असता, म्हणून सून म्हणाली जाऊच. ती रोज न्हाणीघरात नळ सोडून रडते." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मग सूतक आठवून काढला, आणि पुन्हा ठेवला. "मेलं काय ते. घरी जाऊन आंघोळ करीन."

मी तिथे रडले. कठड्याला टेकून, लोकांच्या मध्ये. सगळे जहाजाचे फोटो काढत होते. तेलवाहू जहाज इतकं जवळून गेलं की त्याच्या अंगाचा गंज दिसत होता.

काकूंच्या फोनमध्ये तिथलं सिमकार्ड होतं. त्यांनी स्वतःच दादाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पुण्यात संध्याकाळ होती.

"बोला काकू," दादा म्हणाला. "तिला काही कळलं नाही ना?"

"दादा, मीच आहे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज, मग दार लावल्याचा.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू औषध दिलं म्हणालास तेव्हापासून."

तो रडायला लागला. दादाला मी लहानपणी, तो पडला तेव्हा, रडताना पाहिलं होतं, त्यानंतर कधी नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर विचारलं, "माझी आठवण काढली का?"

तो खोटं बोलू शकला असता. त्याला सवय झाली होती. "नाही गं," तो म्हणाला. "शेवटी ते कोणालाच ओळखत नव्हते. मला त्यांचा थोरला भाऊ समजत होते. सायकल परत कर म्हणून भांडत होते माझ्याशी."

"कुठली सायकल?"

"तेच मी विचारत होतो. म्हटलं, करतो परत, तर म्हणाले, तू नेहमी असंच म्हणतोस."

मला हसू आलं, आणि पलीकडे तोही हसल्यासारखं वाटलं. काकू माझ्याकडे बघून दुसरीकडे वळल्या. त्या जहाजामागे आणखी एक येत होतं, फाटकं बंदच होती, आणि तिष्ठत उभी असलेली माणसं कुरकुरायला लागली होती.

"तू आहेस कुठे आत्ता?" दादाने विचारलं. "घाईत नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. "इथून कुठे जाताच येत नाही. तू पहिल्यापासून सांग."