पाच पिढ्या

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शालोमकाकांना वाचायला बंदी आहे, म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांच्या पडवीत बसून त्यांचं मराठीतलं पवित्र शास्त्र वाचून दाखवते. आमच्या या कोकणातल्या गावात बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, हे एकच घर उरलंय.

परवा वंशावळ आली. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. ना गोष्ट, ना उपदेश. कंटाळून मी अर्धं पान गाळलं.

काका बोटांच्या पेरांवर मोजत होते. "पाच पिढ्या कुठे गेल्या गं?"

"नुसती नावं तर आहेत, काका."

मला आमच्या घरचं श्राद्ध आठवलं. तिथे आम्ही तीन पिढ्यांची नावं घेतो. चौथं मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं कधी वाईटही वाटलेलं नाही.

"आमचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले," काका म्हणाले. "पोथ्या सगळ्या बुडाल्या. त्याआधी आमचं कोण होतं, कुणालाच माहीत नाही. तू गाळलेल्या पाचांत एखादा आमचा असला तर? वाच पुन्हा."