पुष्करचा फूटपाथ

पुष्करचं लग्न जमणार की नाही, या काळजीने कुमुदिनीबाईंना चहासुद्धा गोड लागत नव्हता. मुलगा दिसायला बरा, नोकरी पक्की. व्यसन एकच, शहर सुधारायचं.

"शहर माणसांसाठी असतं आई, गाड्यांसाठी नाही," म्हणत त्याने स्कूटर विकली. अंबरनाथ पश्चिमेच्या भाड्याच्या घराखाली वाणी, डॉक्टर, देऊळ सगळं होतं. ते सोडून त्याने लांब खरवईत फ्लॅट घेतला आणि आईवडिलांसकट तिथे राहायला गेला. त्याच्या मते आदर्श वस्तीत सगळं पायी पंधरा मिनिटांवर हवं. खरवईत तेवढ्या अंतरात म्हशींचा एक तबेला होता.

"येईल हळूहळू सगळं."

"तोवर दूध पीत बसू," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

बिल्डिंगसमोर फूटपाथ नव्हता. अर्ज करून थकल्यावर पुष्करने आईचा रांगोळीचा डबा उचलला आणि रस्त्याकडेला फूटपाथ आखला. ओकाबोका दिसू नये म्हणून आत वेलबुट्टीही भरली. झालं! रांगोळीवर पाय कोण देणार? सगळे वळसा घालून भर रस्त्यातून चालू लागले. फूटपाथवरून गेली ती फक्त एक म्हैस.

"तिला पटली हो तुझी योजना," आई म्हणाली.

पुष्करला तिथेच कल्पना सुचली: रांगोळीवर पाय देत नाहीत, तर गाडी तरी कोण घालेल? रविवारी सांगून आलेल्या रुचिकाकडचे लोक घर बघायला येणार, आणि याने सकाळीच कडेची रांगोळी झाडून रस्त्याच्या मधोमध हातभर मोर काढले. कडेला माणूस जाईल एवढीच वाट. रिक्षा आल्या तशा मागे वळल्या. रुचिकाच्या वडिलांनीही गाडी थांबवली. "मोरांवरून गाडी घालून सोयरीक करायला जायचं?"

मग सगळे चालत निघाले. पुढे म्हैस, मागे पैठणी सावरत रुचिकाची आई. पोहे गार झाले. जाताना रुचिकाचे वडील म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण गॅलरीतून कुमुदिनीबाईंनी पाहिलं. रुचिका रस्त्यात उकिडवी बसून मोराची मान सरळ करत होती. "वाट काढलीत, पण म्हातारी माणसं टेकणार कुठे? बाक नको?" ती पुष्करला विचारत होती. तो लाजला होता. आजवर त्याला कुणी असं काही विचारलंच नव्हतं.

आठवडा गेला, फोन नाही.

"मुलाकडच्यांनी आधी फोन करायचा नसतो, मान जातो," पुष्करच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, बायकोला बजावलं.

"ज्या घरात व्याह्यांना म्हशीच्या मागून आणलं, तिथे कसला उरलाय मान," म्हणत कुमुदिनीबाईंनी रुचिकाचा बायोडेटा काढला. तिच्या वडिलांचा नंबर सोडून तिचाच शोधला. लग्नाचं अवाक्षर काढायचं नाही. फक्त विचारायचं, बाक नेमका कुठे ठेवायचा, तूच येऊन दाखवतेस का?