पेरूचोराचं औक्षण

चहा गार व्हायच्या आत घ्या. माझ्यासाठी थांबू नका, माझा चहा बंद आहे. तो कशाने बंद झाला तेच सांगायला बसले आहे. त्यात मी जी माती खाल्ली, ती कोल्हारात अजून फक्त आमच्या दूधवाल्या शांताबाईला ठाऊक आहे. म्हणजे येत्या आठवडी बाजारापर्यंत गावभर होणार. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, नाही का?

आमची सून मुग्धा पुण्याला असते. चांगली नोकरी सोडून तिने मोबाईलवरचा एक खेळ करायला घेतला. खेळ आठवडी बाजाराचा. त्यात एक पेरूवाली मावशी, तिची गिऱ्हाइकं, एसटीचा कंडक्टर, आणि मावशीच्या पाटीतले पेरू पळवणारा एक चोर. आपण चोराला पकडायचं. माणसं एवढी एवढीशी, गोल डोक्याची, आखूड पायांची. सगळी बारीक चौकोनांची बनवलेली. पूर्वी आपण दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी मोर भरायचो ना, अगदी तसं. एकेका टाक्याच्या जागी एकेक रंगीत चौकोन. त्याला पिक्सेल म्हणतात.

संक्रांतीला मुग्धा आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि तिने काम सोडलं. खेळातल्या माणसांची चित्रं काढून झाली होती, पण त्यांच्यात छायाप्रकाश, म्हणजे उजेड-सावली, भरायचं काम तसंच राहिलं होतं. पुण्यातली एक कंपनी खेळ बघायला बोलावणार होती. त्यांना पसंत पडला तर पुढचा सगळा भार ते उचलणार, नाहीतर मुग्धा परत जुन्या नोकरीच्या दारात.

मी म्हटलं, "आण इकडे. मी भरते."

"आई, हे रांगोळीसारखं नाही."

"ठिपके आहेत, रंग आहेत. अजून काय असतं?"

तुम्हाला माझी रांगोळी माहीत आहे. गावात कुणाच्या दारात मंगलकार्य असलं की आधी मला बोलावणं येतं. इथे तर नुसते चौकोन, वाऱ्याने उडायची भीती नाही की कुणी पाय देण्याची नाही. मी त्याच दिवशी भगवतीच्या देवळात जाऊन सांगून आले, "मुग्धाचा खेळ पुरा होऊन लोकांच्या हातात पडेपर्यंत चहा घेणार नाही." उपासतापास मी एरवीही करते, त्याचं देवीला आता काही वाटत नसणार. चहा सोडला तर तिलाही कळेल की काम गंभीर आहे.

आमचे हे शाळेत हेडक्लार्क होते. ते म्हणाले, "माझा चहा तरी चालू राहणार ना?"

मुग्धाने टॅब माझ्या हातात दिला आणि शिकवलं. पहिला नियम, सावलीला काळा रंग घ्यायचा नाही, चित्र मळकट होतं. सावली जरा जांभळटाकडे न्यायची, उजेड जरा पिवळटाकडे.

"म्हणजे उजेडाला हळद आणि सावलीला वांगं," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, "असंच लक्षात ठेवा."

पहिली मी पेरूवालीच भरली. कडेकडेने सगळीकडून गडद, आणि मध्ये उजळ. रांगोळीत कमळ असंच भरतात. मला तर ती बाई चक्क उठून बसल्यासारखी वाटली. मुग्धाने डोळे बारीक करून बघितलं.

"आई, ह्या फुगल्यात."

"पेरूवाली आहे. खात्यापित्या घरची दाखवली."

"तसं नाही. उशीसारख्या दिसतायत. उजेड कुठून येतो ते आधी ठरवायचं. एका बाजूने उजेड, म्हणजे दुसऱ्या बाजूला सावली. एखादी वस्तू घ्या, समोर दिवा धरा आणि बघा. जसं दिसेल तसं भरा."

एवढं सांगून ती पुण्याला गेली. बघा बरं, ह्यात न कळण्यासारखं काही आहे का? मलाही सगळं कळलं होतं. तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर मी देवघरासमोर बसले. पाटावर एक चांगला टणक पेरू ठेवला, त्याच्यावर बोराएवढी कणकेची गोळी, म्हणजे झालं डोकं. डाव्या मांडीवर टॅब. उजव्या हातात निरांजन.

आता तुम्हीच सांगा. लग्न झाल्यापासून ह्या हाताने निरांजन धरलंय ते ओवाळायलाच. देवासमोर निरांजन हातात घेऊन नुसतं खांबासारखं उभं कोण राहतं? मी धरलं, बघितलं, डाव्या गालावर उजेड, उजवीकडे सावली. निरांजन खाली ठेवलं, चौकोन भरले. पुन्हा उचललं, तर उजेड कपाळावर. तसं भरलं. पुन्हा उचललं, उजेड उजव्या गालावर. हात आपला त्याच्या सवयीने पुढे पुढे चालला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आणि चित्रंही एकेका माणसाची पुष्कळ होती. माणूस चालताना दाखवायचा म्हणजे एक पाय पुढे, मग दोन्ही पाय जवळ, मग दुसरा पाय पुढे, असं प्रत्येक वेळचं वेगळं चित्र लागतं. ती एकामागून एक भरभर दाखवली की माणूस चालायला लागतो. मी एकेक चित्र वेगळं उघडायची, मन लावून भरायची आणि बंद करायची. सगळी एकत्र चालवून बघायची असतात, हे मुग्धाने सांगितलं असेल. मी तेव्हा बहुतेक दूध बघायला उठले असणार.

ह्यांनी एकदा मागून डोकावून बघितलं.

"काय गं, ह्या चित्रात उजेड इकडून, त्या चित्रात तिकडून. सूर्याला बसायला जागा मिळेना वाटतं."

"अहो, माणूस चालतोय ना?" मी म्हटलं. "आपण चालायला लागलो की ऊन कधी ह्या गालावर, कधी त्या गालावर. जागचा न हलणारा उजेड भिंतीला असतो."

ह्यांनी मान हलवली. हेडक्लार्क माणूस, उत्तर ठामपणे दिलं की सही करतात.

शांताबाई दूध घालायला यायची, ती रोज पाच मिनिटं टेकायची. तिने चोराचं चित्र बघितलं आणि हनुवटीला हात लावला.

"काकू, ह्यो कोन म्हनायचा?"

"चोर आहे. पेरू चोरतो."

"लई देखना झालाय वं. आमच्या धाकल्यावानी दिसतोय. चोर न्हाई वाटत."

"चोर झाला म्हणून काय झालं? त्यालाही कुणी आई असेलच की."

"व्हय की. ती बी बिचारी म्हनत आसंल, कुटं गेला मेला."

मग त्या चोराबद्दल मला माया वाटायला लागली. त्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. त्याच्या चित्रांच्या वेळी निरांजनात नवी वात घातली, तूपही थोडं जास्त. त्याच्या नाकावर उजेडाचा एकच चौकोन आहे. तो एक घर सरकला की नाकावर पुटकुळी आल्यासारखी दिसते. तो चौकोन जागेवर बसवायला मला पूर्ण सकाळ लागली, आणि बसला तेव्हा मी चोराला हात जोडले. सवयीने, दुसरं काय.

सगळं काम वेळेआधी पुरं करून पुण्याला पाठवलं. चहाची तल्लफ डोक्यात घण घालत होती, पण मन कसं प्रसन्न. मुग्धाची मैत्रीण शिकलेली, तिला जे जमायला वेळ लागायचा ते मी पूजेनंतर बसून उरकलं होतं. ह्यांना म्हटलं सुद्धा, "कठीण काही नसतं हो. माणसं उगाच बाऊ करतात."

कंपनीत दाखवायच्या आदल्या दुपारी मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. तिने तिच्या कॉम्प्युटरचा पडदा आम्हाला दाखवला.

"आई, हे फिरतंय काय?"

मी चष्मा पुसला. पेरूवाली चालत होती. छान चालत होती. आणि चालता चालता तिच्या डाव्या गालावरचा उजेड कपाळावर जात होता, तिथून उजव्या गालावर, तिथून हनुवटीखाली, आणि परत डाव्या गालावर. तिच्या मागून कंडक्टर, त्याचंही तेच. गिऱ्हाइकं, तीच गत. पुऱ्या बाजारात एक उजेड गरगरा फिरत होता, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

मला अजूनही कळलं नव्हतं बरं का. मी म्हणणार होते की किती जिवंत वाटतंय. तेवढ्यात हे शेजारून म्हणाले, "अगं, हे तर औक्षण चाललंय. तबक तेवढं दिसत नाही."

मी माझा उजवा हात बघितला, तर मांडीवरच हळूहळू गोल फिरत होता.

"आई, तुम्ही दिवा हलवलात?" मुग्धाने विचारलं.

"मी नाही हलवला," मी म्हटलं, "तो हलला."

मुग्धा रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या. मी बघते." हे 'राहू द्या' मला फार लागलं. नवी सून घरी आल्यावर कुकरला हात लावते, आणि आपण तिला म्हणतो ना, राहू दे गं, तसंच होतं ते. मी ते कितीदा म्हटलं होतं, तेव्हा मला ते प्रेमाचं वाटायचं.

तिने बसून एकेका माणसाचा छायाप्रकाश काढून टाकला आणि साधे सपाट रंग ठेवले. दुसऱ्या दिवशी तिची कंपनीत खेळ दाखवायची वेळ झाली तशी मी देवघरासमोर जाऊन बसले. पाटावर तोच पेरू होता, आता सुरकुतलेला. निरांजन पेटवलं आणि हाताला लावलंच नाही, जमिनीवर ठेवून लांबूनच नमस्कार केला. म्हटलं, आई भगवती, माझ्या हाताची शिक्षा पोरीला नको.

दुपारी फोन आला. मुग्धाचा आवाज चढलेला. हे जवळ आहेत ना, ते मी बघून घेतलं.

"आई, चोर राहिला."

"कुठे राहिला?"

"त्याचा उजेड काढायचा राहिला. तो पाटीमागे लपलेला असतो, माझ्या लक्षातच आलं नाही. सगळा बाजार सपाट, त्यांना काही विशेष वाटेना. एक जण मोबाईल बघायला लागला. आणि चोर बाहेर आला. चालतोय, आणि तोंडाभोवती उजेड फिरतोय. तिथल्या मोठ्या मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, ह्याला काय होतंय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? म्हटलं, माझ्या सासूबाईंनी त्याला ओवाळलंय."

ह्यांनी तोंडाला पंचा लावला.

"मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी विचारलं, चोराला पकडल्यावर खेळात काय होतं? मी म्हटलं, लोक मारतात. त्या म्हणाल्या, मारू नका. त्याला पाटावर बसवा, पेरूवालीला ओवाळू द्या आणि हातावर एक पेरू ठेवू द्या. असा खेळ आम्ही दुसरीकडे बघितला नाही. आई, त्यांनी खेळ घेतला."

मी रडले की हसले ते ह्यांना विचारा. मला एवढंच आठवतं की मी तो सुरकुतलेला पेरू पदराने पुसत होते.

"पण एक आहे," मुग्धा म्हणाली. "ओवाळायचं फक्त चोराला. बाकी सगळ्यांना उजेड डावीकडून, वरून, आणि तो तिथेच राहिला पाहिजे. ते काम तुमचंच."

'राहू द्या' गेलं. 'तुमचंच' आलं. एवढ्यासाठी तर सगळं केलं होतं.

आता मी ते नीट शिकले आहे. टॅबच्या डाव्या कोपऱ्यात, वर, कुंकवाचं बोट लावून ठेवलंय, दिवा तिथे म्हणून. उजेड जरासुद्धा हलत नाही. इतका पक्का बसलाय की गेल्या चतुर्थीला गणपतीची आरती करताना मी निरांजन वर डावीकडे नेलं आणि तिथेच धरून उभी राहिले. ह्यांनी अख्खी आरती टाळ्या वाजवत म्हटली आणि शेवटी हे हळूच म्हणाले, "देवाला दुसऱ्या गालावर उजेड नको का?"

असो. त्या दिवशी फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "चला, आता दोघांचा चहा टाक. कंपनीने घेतला म्हणजे लोकांच्या हातात पडलाच, नवस फिटला." मी आनंदाने उठले. आधण ठेवलं, आलं किसलं, वेलची सोलली. पत्ती घालणार, तोच पुन्हा मुग्धाचा फोन. सांगायचं राहिलं होतं म्हणे. एका बाजाराने त्या लोकांचं समाधान होईना. त्यांना जत्रा हवी, ऊसतोड हवी, लग्नाचं वऱ्हाड हवं. माणसंच माणसं. खेळ लोकांच्या हातात पडायला अजून वर्ष तरी जाईल.

मी देवीला काय बोलले होते? पुरा होऊन लोकांच्या हातात पडेपर्यंत.

हे म्हणाले, "देवीला सांग, बोलले तेव्हा खेळ लहान होता."

"असं सांगता येत नाही हो," मी म्हटलं, आणि आधणात पत्ती एकाचीच घातली.

चुकले नसते, तर खेळ तेवढाच राहिला असता, आणि आज मीही तुमच्याबरोबर कप हातात घेऊन बसले असते. माझंच औक्षण मला भोवलं. पण काही बिघडत नाही, वर्ष काय, बघता बघता जाईल. तुम्ही घ्या. फक्त कप जरा माझ्या बाजूला धरून प्या. वास घेणार नाही, असं काही मी देवीला बोललेले नाही.