जबल दुखानवरचे दोन दगड

जबल दुखानला जायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. ते माझ्या पेनातून निघून गेलं.

झालं असं, की विजयाला पत्र लिहिताना मला सांगण्यासारखं काही सुचेना. आखातातल्या या बेटावर, हूरा भागातल्या एका हॉटेलात मी एसीच्या जाळ्या धुतो, हे काय लिहायचं? मग लिहिलं, की मी सर्व्हेच्या कामाला आहे, इथे एक ज्वालामुखी आहे, नावच जबल दुखान, म्हणजे 'धुराचा डोंगर', आणि आमचं जाणं-येणं तिथेच असतं. डोंगर मी पाहिलासुद्धा नव्हता. नाव तेवढं ऐकलं होतं. पण खरं सांगतो, अर्धं मला पटलेलंही होतं. रत्नागिरीच्या कॉलेजात दोन वर्षं जिऑलॉजी शिकलो, त्यात सगळा काळा कातळ, म्हणजे थिजलेला लाव्हाच पाहिला. आमच्याकडच्या पोराला डोंगर म्हटला की लाव्हाच दिसतो.

विजया माझ्याच वर्गातली. माझ्या जर्नलमधल्या आकृत्या तिच्या होत्या. सर म्हणाले, "नक्कल केलीस," तशी मी जर्नल खिडकीबाहेर फेकली आणि कॉलेजही सोडलं. सर खरंच बोलत होते, म्हणूनच बहुतेक.

तिचं उत्तर आलं ते चार ओळींचं. "पुण्याचं स्थळ आलंय. घरचे विचारतात. तू त्या डोंगराचा एक दगड पाठव. तो बघून मी काय सांगायचं ते ठरवते."

दगडावरून काय ठरवणार? आठवडाभर मी ते पत्र उलटंसुलटं वाचलं. शेवटी रॉकीला म्हटलं, "शुक्रवारी डोंगरावर जाऊ." आमच्या खालच्या खोलीतले सुर्वेकाका शनिवारी दोन महिन्यांच्या लीव्हवर गावी निघणार होते. दगड त्यांच्याबरोबरच जायला हवा होता.

रॉकी वसईचा, आमच्याच हॉटेलात किचनमध्ये. त्याच्याकडे मित्राची डॅटसन पिकअप होती. सकाळी सहाला निघालो. तुम्हाला जायचं असेल तर थंडीच्याच दिवसांत जा आणि पाणी माणशी दोन बाटल्या घ्या. पेट्रोलचं टेन्शन नको, इथे पाण्यापेक्षा स्वस्त. ईसा टाउन, रिफ्फा, मग अवाली. अवालीत झाडं आणि बंगले आहेत. ते संपले की एकदम काही नाही. नुसते तेलाचे पाइप आणि माना डोलवणारे पंप.

गंमत म्हणजे रस्ता चढायच्या ऐवजी उतरायला लागला. या बेटाचा मधला भाग एखाद्या परातीसारखा खाली गेलाय, काठ उभे आहेत आणि परातीच्या मध्ये डोंगर. उंची एकशे चौतीस मीटर. देशातला सगळ्यात उंच.

"हाच?" मी विचारलं.

"मग काय एव्हरेस्ट पायजे तुला?" रॉकी म्हणाला. "प्रोफेसर, याच्यापेक्षा आमच्या चर्चच्या पायऱ्या जास्त."

"गप बस. तुला डोंगरातलं काय कळतं?"

"मला नाय कळत. तू फेल झालायस, तुला कळत असेल."

"फेल नाही झालो, सोडलं." असं म्हणून मी उतरलो, दार आपटलं आणि चालू लागलो. त्याने गाडी तशीच हळूहळू माझ्या बाजूने चालवली आणि थोड्या वेळाने पाण्याची बाटली खिडकीतून बाहेर धरली. मी घेतली.

पायथ्याशी एक पठाण वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. आमची रेसिडेंट कार्डं त्याने उलटी धरून पाहिली. ही कार्डं न विसरता जवळ ठेवा.

"किधर जाता?"

"ऊपर. पत्थर देखना है."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "पत्थर तो इधर भी है. सब पत्थर ही है." मग मान हलवून म्हणाला, "तारों के अंदर नहीं जाना. यल्ला." यल्ला म्हणजे चला, निघा.

चढायला पाऊण तास लागतो, तोही रॉकीसारखा सिगरेट ओढणारा बरोबर असेल तर. खालचा खडक पिवळट पांढरा, वरची टोपी काळपट. लांबून ती टोपी बघून माझा जीव भांड्यात पडला होता. पण हात लावला तर खालच्या खडकात शिंपले. बोटाच्या पेरांएवढे, सरळ दगडातच बसलेले. डोंगराच्या पोटात समुद्र. तिथेच माझ्या ज्वालामुखीचं काहीतरी बिनसलं.

"जेवू या," रॉकी म्हणाला. एका गुहेच्या सावलीत त्याने फुगे आणि व्हिनेगरमधल्या मिरच्यांची बाटली काढली. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे गोल, पोकळ, तळलेले पाव. बाटली बघून मला प्रॅक्टिकल आठवलं. चुन्याच्या दगडावर ऍसिड टाकलं की फेस येतो, लाव्हावर येत नाही. विजया ऍसिडची बाटली नेहमी स्वतःकडे ठेवायची, मला हात लावू द्यायची नाही.

मी शिंपल्यांचा एक सुटा दगड उचलला, चाकूने खरवडला आणि त्या भुकटीवर व्हिनेगर ओतलं.

"अरे, माझ्या मिरच्या," रॉकी ओरडला.

भुकटी फसफसली. बारीक बारीक बुडबुडे, पण होते. ज्वालामुखी नव्हताच. धूरही नव्हता. वर पोचलो तर चारी बाजूंनी नुसतं धुरकट. म्हणतात हवा साफ असली की इथून दोन्हीकडचा समुद्र दिसतो, सौदीकडे बांधायला घेतलेला पूलही दिसतो. आम्हाला आमची पिकअपसुद्धा दिसेना.

वर मात्र काळ्या गारगोट्या पडल्या होत्या. एक उचलली. लहान पोराच्या मुठीएवढी, गुळगुळीत. तिच्यावर व्हिनेगर टाकलं, काही झालं नाही.

"बघ, मिळाला तुझा ज्वालामुखी," रॉकी म्हणाला. "काळा आहे, फसफसत नाय. दे पाठवून. तिला काय स्वप्न पडणारे?"

"ती पास झालेली आहे. गारगोटी म्हणजे लाव्हा नाही, हे ओळखेल."

"मग पांढरा पाठव."

"मग मी खोटारडा ठरतो."

"तू आहेसच की," तो शांतपणे म्हणाला. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्यानेच मी जास्त गोंधळलो. दोन्ही दगड खिशात टाकले. दोन्ही पाठवीन, ती काय ते ठरवेल. उतरताना मी चुकीच्या घळीत शिरलो आणि तारेच्या कुंपणापाशी निघालो. वॉचमनने शिट्ट्या मारून वळवलं. म्हणून सांगतो, आलात त्याच वाटेने उतरा.

सुर्वेकाका गुहागरचे, आमच्या खोलीच्या खालीच राहतात. लीव्हवर जाणारा माणूस सगळ्यांची पत्रं, कॅसेटी, अत्तरं घेऊन जातो, ही इथली रीत. पाकीट उघडं द्यायचं आणि त्यांच्यासमोर चिकटवायचं. काकांकडे मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे. माणशी पाव किलो, मग तो मॅनेजर असो नाहीतर मी.

त्यांनी माझी पिशवी काट्याला लावली. "काय आहे रे हे? धोंडे? कोकणातले धोंडे सरले काय?"

"काका, महत्त्वाचे आहेत."

"असतील. पण यातला एकच जाईल. कुठला तो सांग, पोरी खोळंबल्यात माझ्या." पोरी म्हणजे त्यांच्या तीन मुलींचे फ्रॉक. ते पलंगावर घडी होऊन बॅगेत जायची वाट बघत होते.

मागे माणसं उभी होती. मी काळा काढला, ठेवला, परत उचलला. काका चष्म्यावरून बघत होते. शेवटी शिंपल्यांचा पांढरा काट्याला लावला. जेमतेम बसला. तिथेच त्यांच्या पेनाने चिठ्ठी लिहिली: 'ज्वालामुखी नाही. सर्व्हेचं कामही नाही. मी एसी धुतो. हा फसफसतो, टाकून बघ.' काकांनी चिठ्ठी वाचली, कारण पाकीट उघडंच होतं. मग स्वतःच जीभ लावून चिकटवलं.

पाच आठवडे झाले. काका अजून यायचेत. पुण्याच्या स्थळाचं काय झालं, माहीत नाही. जबल दुखानला जाऊन मनाचं काही ठरतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी चढलो त्यापेक्षा जास्त गोंधळून उतरलो.

काळा दगड माझ्याकडेच राहिला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो खोलीत दाराशी ठेवलाय. येता-जाता त्यावर पाय अडखळतो. परवा रॉकीच्या बाटलीतलं उरलेलं व्हिनेगर त्याच्यावर पुन्हा ओतून पाहिलं. अजूनही काही होत नाही.