ट्रंकेतली झबली

बंगळुरूला मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्या ताईंनी आज शालींच्या कपाटात ठेवायला डांबरगोळ्या दिल्या. पुडी उघडली आणि रत्नागिरीच्या दवाखान्यातली एक सकाळ आठवली.

माझा मुलगा तेव्हा नऊ दिवसांचा होता. बारशाआधी बाळाला नवं कापड घालायचं नाही, म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतली पुतण्याची जुनी झबली काढून त्याला घातली होती. दोन दिवसांत तो हळदीसारखा पिवळा पडला, लघवी काळ्या चहासारखी झाली.

डॉक्टरीणबाईंनी झबलं हुंगलं. "डांबरगोळ्यांत ठेवलेलं होतं?"

"मीच घातलं," म्हणत सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

बाळाला रक्त चढवलं, तेव्हा कुठे तो रडला. मग तपासणीचा कागद आला. लाल पेशींना सांभाळणारं एक द्रव्य त्याच्या रक्तात जन्मापासूनच कमी होतं. अशा बाळांच्या पेशी डांबरगोळीनं फुटतात. "हे आईकडून मुलाकडे येतं," बाई म्हणाल्या.

मी सातवीत शाळा सोडलेली. तेवढंच मला कळलं. आता हे सासरी जन्मभर ऐकावं लागणार, असं वाटलं.

मुलगा आज अकरावीत आहे. काही औषधंही त्याला चालत नाहीत, म्हणून त्यानं साधी तापाची गोळी घेतली तरी मी फोनवर दोनदा विचारते, डॉक्टरांना सांगितलंस ना. तो कागद तेव्हा मला आरोपपत्रासारखा वाटला होता. सासूबाईंनी मात्र तो घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला.

"असू दे गो. तुला तरी कुठं ठाऊक होतं? बस नीट, त्याला पाज."