फोन चालू तर गाडी चालू

मोटरसायकलवर फिरणाऱ्यांकडं वाटेचे किस्से असतात. आमच्याकडं चार्जिंगचे आहेत. मुद्दाम करावे लागत नाहीत. गाडी बाहेर काढली की एखादा होतोच. नातवंडं पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून एकदाच सांगून टाकतो.

आम्ही तिघं. मी, गेनभाऊ आणि खंडू. तिघंही महाळुंगे पडवळचे, तिघंही सत्तरीला टेकलेले. कांद्याची लागण उरकली की गाड्यांना तंबू बांधायचे आणि तीन-चार दिवस जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात काढायचे. लॉज नाही, पाहुण्यांचं घर नाही.

पहिल्याच फेरीत माझा फोन बंद पडला. माझा थोरला, संतोष, दोन तालुके पालथे घालून आला. आम्ही घाटघरच्या माळावर वांगी भाजत होतो!

तो तिथंच म्हणाला, "आप्पा, फिरा. माझं काय म्हननं न्हाई. पन फोन चालू पायजे. ज्या दिशी बंद लागंल, त्या दिशी गाडीची चावी माझ्याकडं."

"कबूल," मी म्हणालो.

शब्द दिला म्हणजे दिला. त्या दिवसापासून फोन मेला की माझं फिरणं मेलं.

* * *

नारायणगावात एका मेकॅनिककडून तिन्ही गाड्यांच्या हँडलला चार्जिंगचं सॉकेट बसवून घेतलं. गाडी चालली की फोन भरतो. सरळ काम.

खंडूनं ते वाकडं केलं. मुक्कामी पोचल्यावर त्यानं आपला फोन गेनभाऊच्या गाडीला लावला, चावी फिरवून ठेवली आणि झाडाखाली आडवा झाला. गेनभाऊची गाडी नवी. बटणावर सुरू होते, किक नाही.

निघायच्या वेळेला गेनभाऊनं बटण दाबलं. गाडी हूं की चूं करेना. बॅटरी पार उतरलेली.

खंडूनं फोन काढून दाखवला. "बग की! शंबर टक्के भरलाय!"

गेनभाऊ म्हणाला, "मंग बस त्याच्याव, अन् जा घरी!"

मग तिघांनी मिळून ती गाडी चढावर ढकलली.

* * *

गेनभाऊ फोन बाळगत नाही. त्याच्या कानात मशीन आहे, तेही चार्जिंगचं. डबीत ठेवायचं, डबी वायरीला लावायची. तेवढा वेळ तो बहिरा.

पिंपळवंडीला चहाच्या टपरीवर त्यानं डबी लावली. आम्ही चहा पिऊन निघालो. बरंच पुढं गेल्यावर खंडूनं हाक मारली, तर गेनभाऊला ऐकू येईना. तेव्हा कळलं, कान मागं राहिला!

परत आलो. डबी होती, मशीन नव्हतं. टपरीवाल्याचा म्हातारा बाप आत टीव्हीसमोर बसलेला. मशीन त्याच्या कानात!

टपरीवाला शरमला. काढायला गेला तर म्हातारा हात झटकून म्हणाला, "थांबा की पावणं! लई वर्सांनी आईकतोय. एवढी मालिका संपू द्या."

मी काही बोलणार होतो. गेनभाऊनं मला हातानं गप्प केलं आणि म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. ऐकू कुणाला येतंय! तरी मालिका संपेपर्यंत बसून राहिला. टपरीवाल्यानं दुसरा चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

शेवटी म्हाताऱ्यानं मशीन पुसून त्याच्या हातावर ठेवलं. गेनभाऊनं ते कानात घातलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ती थोरली सून येवढी का रडत व्हती ओ?"

* * *

नाणेघाटाच्या अलीकडं शहरातली पोरं भेटली. गाड्या म्हशीएवढ्या. एका पोराचं सामान चार्जिंगला लागलेलं. हेल्मेट बोलणारं, ते चार्जिंगला. कॅमेरा चार्जिंगला. घड्याळ चार्जिंगला. हातमोजे गरम होणारे, तेही चार्जिंगला.

गेनभाऊनं सगळं नीट बघितलं. "अन् गाडी रं बाळा?"

"पेट्रोलवर, काका."

"चला! येक तरी कामाचं सुटलं!"

पोरं इतकी हसली की आमच्याबरोबर जेवायला थांबली. चटणी मात्र त्यांना झेपली नाही.

* * *

घाटघरची माणसं मोठ्या मनाची. पण तिथं एक नियम आहे. कुणाच्या दारात उभं राहून "जरा फोन चार्जिंगला लावू का?" म्हटलं की फोन आधी आत जातो, मग माणूस आत जातो, मग चहा येतो. चहा झाला की ताट येतं. नाही म्हणायची सोय नाही.

एका घरावर तिघांचा भार नको, म्हणून मी डोकं चालवलं. माझा फोन पहिल्या घरी, खंडूचा दुसऱ्या, गेनभाऊची डबी तिसऱ्या. चार्ज झाले की उचलायचे आणि तंबूवर जायचं.

पहिल्या घरी तिघांनाही बसवलं. भात, काळ्या वाटाण्याची आमटी. दुसऱ्या घरची बाई दारात उभीच होती. "त्यांच्यात जेवला, मंग आमी काय परकं का?" तिथंही बसलो. तिसऱ्या घरच्या आजोबांनी तर कोंबडी कापलेली!

खंडू तंबूत आडवा पडून पोट चोळत म्हणाला, "फोन पुरा भरला की आपोआप थांबतो, आप्पा. मान्साला का न्हाई तसं केलं?"

* * *

खंडूला बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड. गाड्याची एकेक धाव म्हणजे बारी. आता शर्यती मोबाईलवर लाइव्ह दिसतात. त्यानं आपला फोन बघून बघून मारला आणि माझ्याकडं आला.

"आप्पा, आपल्या गावाचा गाडा हाय पुढच्या बारीला. फक्त येवढी बारी."

"चार टक्के राहिलेत. मिळणार नाही."

"बारीला किती येळ लागतो? डोळं मिटून उगडूस्तोवर संपती!"

खरं आहे. बैल जुंपायलाच वेळ लागतो, पळायला नाही. मीही गावचाच आहे. फोन मधे धरला. बैल जुंपले. तीन टक्के. एक बैल हटून बसला. दोन टक्के. निशाण वर गेलं, आणि फोन वाजला. संतोष!

मी उचलला. "जिता हाय. ठेव."

"आवो आप्पा, थांबा! माझ्याकडं रेंज गेली. आपल्या गाड्याचं काय झालं?"

खंडूनं डोक्यावरचं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं. "तुझ्या फोनापायी आमचीबी बारी गेली की रं!"

मी फोन गाडीला लावून गाडीवरनं तंबूभोवती घिरट्या मारल्या. त्या दिवशी वाचलो.

* * *

आता शेवटचा.

गेल्या हिवाळ्यात घाटघरच्या खाली नदीकाठी दोन दिवस होतो. गाड्या उभ्या, फोन उतरत चाललेला. तंबूभोवतीच्या त्या घिरट्यांनंतर नुसत्या चार्जिंगसाठी पेट्रोल जाळायचं नाही, असं मी ठरवलेलं.

शेजारी मेंढरांचा तळ होता. खंडूचं घराणं मेंढरांचं. त्यानं शेती धरली, चुलतभावानं मेंढरं सोडली नाहीत. त्याचाच तो तळ. त्यांच्या घोड्याच्या पाठीवर सोलरची प्लेट असते. खंडूची भावजय हिराबाई म्हणाली, "द्या हिकडं आप्पा. दुपारपातुर भरंल."

तिनं फोनला वायर लावली, घोड्यावरच्या गोधडीच्या घडीत खुपसला, वर कोंबड्यांची डालगी बांधली. आम्ही अंघोळीला गेलो.

परत आलो तर तळ मोकळा. चुलीची राख आणि लेंड्या!

मी खंडूकडं बघितलं.

"मेंढरांचं बिऱ्हाड हाय, आप्पा. येका जागी थांबतं का?"

"मग आधी सांगायचं."

"तुमी इचारलं का?"

"पुढचा तळ कुठं?"

"गवत असंल तिथं."

घोडं पायवाटेनं गेलेलं, आमच्या गाड्यांना सडक लागते. खंडूचा फोन मेलेला, गेनभाऊकडं नाहीच. वाटेत दिसेल त्याला विचारत हिंडलो. घोडं बघितलं का? प्लेटवालं? चावी गेली, असं मी मनात धरलं होतं.

तिकडं काय चाललंय ते नंतर कळलं. संतोषच्या फोनमध्ये नकाशावर माझा ठिपका दिसतो. त्यानं बघितलं, तर आप्पा माणसाच्या चालीनं चाललेत. आधी वावरातनं, मग ओढ्यातनं, मग थेट नदीत. नदीच्या मधोमध ठिपका थांबला. बराच वेळ थांबला. घोडं पाणी पीत होतं!

मग ठिपका बाहेर आला आणि उभ्या चढानं वर निघाला. संतोष बायकोला म्हणाला, "आप्पा गाडी डोक्याव घेऊन चाल्लेत का काय?"

त्यानं फोन लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. घोड्याच्या घुंगरांत आणि कोंबड्यांच्या कलकलाटात हिराबाईला काय ऐकू येणार! तो कामावरून निघाला तो ठिपक्यावर नजर ठेवून गाडी हाणत सुटला.

आम्ही तळ गाठला तेव्हा चुली पेटल्या होत्या. हिराबाईनं फोन हातात दिला. पुरा भरलेला, गोधडीच्या उबेत गरम झालेला. भाकरी हातात घेतली तोच संतोष आला. घामाघूम, पॅन्टला कुसळं, डोळे लाल.

"आप्पा! फोन का उचलत नव्हता?"

"बंद लागला का?"

"न्हाई, पन..."

"मग?"

त्यानं घोड्याकडं बघितलं, पाठीवरची प्लेट बघितली आणि मटकन खाली बसला. हिराबाईनं पाणी दिलं. खंडू तोंड फिरवून हसत होता. घरी कळवावं म्हणून संतोषनं खिशातनं फोन काढला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वाटभर नकाशा बघून तो तळाच्या अलीकडंच काळा पडला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सूनबाई. मी स्पीकरवर टाकला.

"आप्पा, हे पोचले का तुमच्याकडं? मघापासून लावतीय, ह्यांचा फोन बंद लागतोय!"

गेनभाऊचा चघळता घास थांबला. कानात मशीन होतं, सगळं ऐकलं होतं त्यानं.

मी भाकरी खाली ठेवली आणि संतोषपुढं हात केला.

"चावी."